पहिल्यांदाच ससा घरी आणताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ससा आणायचं ठरवलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात, आणि पडायला हवेत पण पडत नाहीत, ते इथे एकत्र केले आहेत. शक्यतो ससा घरी येण्याआधी वाचा. यातली बरीचशी तयारी तो आल्यावर घाईघाईने करता येत नाही.

ससा शांत असतो, आवाज करत नाही. म्हणजे सांभाळायला सोपा ना?

शांत असतो हे खरं, पण त्यावरून सोपा ठरवू नका. ससा निसर्गात दुसऱ्यांचं भक्ष्य आहे. आजारी किंवा अशक्त दिसणारा ससा शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कुत्रा दुखलं की विव्हळतो. ससा कोपऱ्यात गप्प बसतो, आणि नवख्या माणसाला वाटतं, आज निवांत आहे. त्याचं खाणं किती झालं आणि लेंड्या कशा पडल्या हे रोज पाहायची तुमची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे. ती असेल तर बाकीचं शिकता येतं.

किती वर्षं जगतो?

घरात नीट सांभाळलेला ससा साधारण 8 ते 12 वर्षं जगतो. आज दहा वर्षांच्या मुलासाठी ससा आणलात, तर ते मूल शिक्षणासाठी घराबाहेर पडेल तेव्हाही ससा घरातच असेल. म्हणून ससा मुलाचा म्हणून आणला तरी जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाची आहे, हे आधीच मान्य करा.

एक आणावा की दोन?

शक्य असेल तर दोन. ससे कळपाने राहणारे प्राणी आहेत. ते एकमेकांना चाटून साफ करतात, अंगाला अंग लावून झोपतात, एक चरत असताना दुसरा कान टवकारून असतो. माणूस कितीही प्रेमळ असला तरी चोवीस तास ही सोबत देऊ शकत नाही.

दोन अनोळखी ससे मात्र एका जागेत सोडून देऊ नका. ससे हद्दीच्या बाबतीत फार कडक असतात आणि त्यांच्या भांडणात गंभीर जखमा होतात. नसबंदीची शस्त्रक्रिया झालेला नर आणि ती झालेली मादी ही जोडी सहसा सर्वांत चांगली जमते. दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागेत, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा थोडा वेळ त्यांची भेट घडवावी लागते. काही जोड्या काही दिवसांत जुळतात, काहींना महिने लागतात. पहिल्यांदाच ससा पाळणाऱ्यांना माझा सल्ला असा की आधीच जुळलेली जोडी दत्तक घ्या. प्राण्यांच्या निवारा केंद्रांत अशा जोड्या मिळतात, आणि सर्वांत अवघड काम तिथे झालेलं असतं.

दुकानातून घ्यावा की दत्तक?

दत्तक. दत्तक दिले जाणारे ससे बहुधा मोठे असतात, त्यांचा स्वभाव कळलेला असतो, नर की मादी याची खात्री असते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियाही झालेली असते. पिल्लाच्या बाबतीत यातलं काहीच कळत नाही. लहान वयात नर-मादी ओळखण्यात जाणकारांचीही चूक होते, आणि ‘दोन बहिणी’ म्हणून आणलेल्या जोडीला पिल्लं होतात.

पिल्लूच घेणार असाल तर ते निदान 8 आठवड्यांचं हवं. त्याआधी आईपासून तोडलेल्या पिल्लाचं पोट फार नाजूक असतं. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, पुढचे दात एकमेकांवर नीट बसलेले, शेपटीखालचा भाग साफ, चालणं सरळ, एवढं स्वतः पाहून घ्या. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले असतील तर तो पंजाने नाक पुसतोय, म्हणजे सर्दीसारखा संसर्ग असू शकतो.

कोणती जात निवडावी?

जातीपेक्षा स्वभाव पाहा. तरी काही गोष्टी माहीत असाव्यात. नेदरलँड ड्वार्फ जेमतेम किलोभराचा असतो, तर फ्लेमिश जायंट 6 किलोच्याही पुढे जातो, त्यामुळे जागेचा हिशेब बदलतो. लोंबत्या कानांच्या लॉप जातींना कानाचे आणि दातांचे त्रास जास्त होतात. चपट्या तोंडाच्या बुटक्या सशांचे दातही वेडेवाकडे वाढण्याची शक्यता अधिक. अंगोराचे केस रोज विंचरावे लागतात, आणि पहिल्याच सशासाठी ते मी सुचवणार नाही.

पिंजरा केवढा हवा?

‘सशाचा पिंजरा’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक सगळं सशासाठी अपुरं आहे. सशाला सलग काही उड्या मारता आल्या पाहिजेत, मागच्या पायांवर सरळ उभं राहता आलं पाहिजे आणि पूर्ण लांब होऊन पडता आलं पाहिजे. दोन सशांसाठी 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद मोकळी जागा, आणि ती सतत उपलब्ध, हे चांगलं माप आहे. एवढी जागा पिंजऱ्यात मिळणं कठीण. त्यापेक्षा घडीचं जाळीचं कुंपण घ्या, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसं, आणि खोलीचा एक भाग अडवा. पुढे सवय झाली की कित्येक घरांत ससे मोकळेच राहतात.

तळ तारेच्या जाळीचा नको. सशाच्या पावलांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. जाळीवर किंवा गुळगुळीत कडक फरशीवर सतत बसून तळपायांना जखमा होतात आणि त्या भरायला फार त्रास देतात. खाली गालिचा किंवा जाड सतरंजी घाला. आत एक लपायची जागा हवीच, आणि तिला दोन दारं हवीत. दुसऱ्या सशासमोर अडकून पडायची वेळ येऊ नये.

घरात काय काय सुरक्षित करावं लागेल?

विजेच्या वायरी सर्वांत आधी. सशाला वायर म्हणजे बिळात आडवं आलेलं मूळ वाटतं आणि तो ते कुरतडतो. यात हट्टीपणा नाही, बीळ मोकळं ठेवायची ती सवय आहे. वायरी कडक प्लास्टिकच्या नळीत घाला किंवा उंच न्या. नंतर कुंड्या पाहा: लिली, डिफेनबाकिया आणि बल्बपासून उगवणारी बहुतेक फुलझाडं विषारी आहेत. सोफ्याखालची पोकळी बंद करा. भिंतीचे कोपरे आणि दाराच्या चौकटी कुरतडल्या जातील, तेव्हा त्याच्यासाठी पुठ्ठ्याची खोकी, सफरचंदाच्या झाडाच्या न फवारलेल्या काटक्या, गवताच्या चटया अशा वस्तू ठेवा. फाडायला आणि उकरायला काहीतरी मिळालं की फर्निचरवरचा हल्ला कमी होतो, पूर्ण थांबत मात्र नाही.

खायला नक्की काय द्यायचं?

सुकं गवत. हे उत्तर इतकं साधं आहे की लोक त्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सशाच्या आहाराचा 80 ते 85 टक्के भाग गवत असायला हवा, आणि ते दिवसरात्र समोर असलं पाहिजे. मोठ्या सशाला टिमोथी, ऑर्चर्ड ग्रास किंवा मिश्र कुरणाचं सुकं गवत द्यावं. रोज त्याच्या शरीराएवढा भारा, हा ढोबळ अंदाज. याची दोन कारणं आहेत. सशाचे सगळे 28 दात आयुष्यभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर वाढतात. गवत आडवा जबडा फिरवत तासन्‌तास चावावं लागतं आणि त्याने दाढा झिजतात. गवत कमी पडलं की दाढांना टोकं येतात, ती जिभेला किंवा गालाला टोचतात आणि ससा खाणंच सोडतो. दुसरं कारण पोटाचं. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं आणि ते चालवणारी गोष्ट म्हणजे गवतातला लांब, जाड तंतू. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे.

लसूणघास म्हणजे अल्फाल्फा फक्त पिल्लांसाठी, सहा-सात महिन्यांपर्यंत. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतं. सशाचं शरीर जादाचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतं, ते मोठ्या सशात मूत्राशयात साठून गाळ किंवा खडे होऊ शकतात.

रोज मूठभर ताजा पाला द्या: कोथिंबीर, पुदिना, बेसिल, रोमेन लेट्यूस, मुळ्याचा किंवा गाजराचा पाला. नवीन भाजी एका वेळी एकच, थोडीशी, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या नीट आहेत का हे पाहूनच वाढवा. पालक थोडाच, कोबीने काहींना गॅस होतो. पेलेट म्हणजे दाणेदार खाद्य, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 25 ग्रॅम, त्याहून जास्त नको. रंगीबेरंगी दाणे, मका, सुक्या फळांचे तुकडे असलेलं मिश्रण घेऊ नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो आणि तंतू मागे ठेवतो.

कांदा, लसूण, अॅव्होकॅडो, चॉकलेट, बटाट्याचे कोंब, रुबार्ब, ब्रेड, बिस्किटं, कडधान्यं: कधीच नाही.

पण गाजर?

गाजर गोड असतं, म्हणून बोटाच्या पेराएवढा तुकडा अधूनमधून, खाऊ म्हणून. सफरचंद, केळं, स्ट्रॉबेरीलाही हाच नियम. साखर वाढली की आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं संतुलन बिघडतं. गाजराचा पाला मात्र गाजरापेक्षा कितीतरी चांगला.

तो स्वतःचीच लेंडी खाताना दिसला. आजारी आहे का?

नाही, हे त्याने केलंच पाहिजे. ससा दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक गोल, कोरडी, गवताच्या भुशासारखी. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारखी. दुसरी सीकम नावाच्या आतड्याच्या मोठ्या पिशवीत आंबून तयार होते, तिच्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात, आणि ससा ती थेट शरीरातून बाहेर येतानाच खातो. त्यामुळे आपल्याला ती सहसा दिसतही नाही. ती रोज जमिनीवर पडलेली दिसू लागली, तर खाद्यात गोड-पिठूळ जास्त होतंय, किंवा वजन अथवा सांधेदुखीमुळे त्याला वाकता येत नाही, असं समजा.

पाणी बाटलीत की वाडग्यात?

जड, न उलटणाऱ्या वाडग्यात. बाटलीच्या नळीतून ससा थेंबथेंब पितो आणि कमी पितो. पाणी रोज बदला.

लिटर बॉक्स, म्हणजे लघवी-लेंड्यांचा ट्रे, वापरायला शिकवता येतो का?

येतो, आणि अपेक्षेपेक्षा लवकर. ससा एक कोपरा ठरवून घेतो, तिथे मोठा ट्रे ठेवा. त्यात कागदाच्या किंवा लाकडाच्या दाबलेल्या गोळ्या पसरा, आणि ट्रेच्या एका टोकाला किंवा वर अडकवून भरपूर गवत ठेवा, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. मांजरांसाठीची गोळा होणारी माती वापरू नका. ती गिळली गेली तर पोटात घट्ट होते. पाइन आणि सीडरचा कच्चा भुसाही नको. शस्त्रक्रिया न झालेला ससा हद्द आखायला लघवी शिंपडतो, त्याला प्रशिक्षणाचा फारसा उपयोग होत नाही.

उचलून घेतलं की लाथा मारतो. त्याला मी आवडत नाही का?

उचललं जाणं त्याला आवडत नाही. जमिनीवरून वर उचललं जाणं म्हणजे शिकाऱ्याच्या तावडीत सापडणं, एवढंच त्याच्या शरीराला ठाऊक आहे. सशाची हाडं फार हलकी आणि मागचे पाय फार ताकदवान, त्यामुळे अधांतरी जोरात लाथ मारताना त्याच्या स्वतःच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. उचलणं भागच असेल तेव्हा एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, आणि त्याला आपल्या अंगाशी घट्ट धरा. कानांना धरून कधीही नाही.

सशाला पाठीवर उताणं केलं की तो निश्चल पडतो आणि लोकांना वाटतं, लाडात आला. तो घाबरून मेल्यासारखा पडलेला असतो. हे गंमत म्हणून करू नका, करणाऱ्याला थांबवा.

मैत्री करायची असेल तर जमिनीवर बसा. काही वाचत बसा, हातात थोडी कोथिंबीर ठेवा आणि त्याला येऊ द्या. नाकाच्या थेट पुढचं सशाला दिसत नाही, म्हणून हात समोरून नाकाशी न नेता कपाळाकडे न्या. कपाळ आणि गाल चोळलेले बहुतेकांना आवडतात, हनुवटी आणि पाय नाही.

त्याला काय म्हणायचंय हे कसं ओळखायचं?

हवेत उडी मारून अंगाला पीळ देणं: आनंद. धपकन कुशीवर पडणं: नवखा माणूस घाबरतो, पण ससा गाढ विश्वासाने आडवा झालेला असतो. हनुवटी वस्तूंवर घासणं: ‘हे माझं’. मागचा पाय जोरात आपटणं: धोका किंवा नाराजी. गोंजारताना दात हलके वाजवणं समाधानाचं लक्षण आहे. पण अंग आखडून, डोळे अर्धवट मिटून कराकरा दात खाणं हे वेदनेचं लक्षण आहे, आणि हा फरक नक्की शिकून घ्या.

शस्त्रक्रिया करणं खरंच गरजेचं आहे का?

हो. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसं गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं असतं, आणि तो टाळण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे. नरांत लघवी शिंपडणं, आक्रमकपणा, अंगावर चढणं कमी होतं. नराची शस्त्रक्रिया साधारण चौथ्या महिन्यानंतर आणि मादीची पाच-सहा महिन्यांनंतर करतात. नर नंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, तेवढे दिवस त्याला मादीपासून दूर ठेवा. गर्भावस्था अवघी 31 दिवसांच्या आसपास असते आणि पिल्लं झाल्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

एक महत्त्वाचं: शस्त्रक्रियेपूर्वी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. कुणी ‘रात्रीपासून काही देऊ नका’ म्हणालं, तर त्यांना सशांचा अनुभव आहे का, हे विचारा.

कोणताही पशुवैद्य चालतो का?

नाही, आणि म्हणूनच ससा आणण्याआधी डॉक्टर शोधा. ससे नियमित पाहणारे, त्यांना भूल देण्याचा अनुभव असलेले डॉक्टर हवेत. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी काही औषधं सशाचा जीव घेतात. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर आतड्यातले जिवाणू बिघडून ससा दगावू शकतो. पिसवांवरचं फिप्रोनिल सशासाठी विषारी आहे. घरात कुत्र्यासाठी आणलेलं औषध सशाला कधीही लावू नका.

लसींबद्दल त्याच डॉक्टरांना विचारा. सशांचा रक्तस्रावी आजार 1984 मध्ये चीनमध्ये पहिल्यांदा लक्षात आला, आणि त्याचा दुसरा प्रकार 2010 मध्ये फ्रान्समध्ये. दोन्ही जीवघेणे आहेत, आणि विषाणू बुटांवरून, गवतावरून, कीटकांमार्फत घरातल्या सशापर्यंतही पोहोचतो. मिक्सोमॅटोसिस हा सशांचा आणखी एक विषाणूजन्य आजार डास आणि पिसवांमुळे पसरतो. या लसी सगळ्या देशांत मिळत नाहीत. मिळत असतील तर द्या.

तातडीने दवाखान्यात कधी न्यायचं?

सशाने 10 ते 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ती आणीबाणी आहे. सकाळपर्यंत थांबू नका. वेदना, ताण, दातांचा त्रास, कमी तंतू अशा कोणत्याही कारणाने आतड्याची हालचाल मंदावते, गॅस साठतो, दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही, आणि हे चक्र काही तासांत हाताबाहेर जातं. नेहमीचा लाडका खाऊ पुढे केला आणि त्याने तोंड फिरवलं, तर तीच पहिली सूचना समजा. तोंडातून जबरदस्तीने भरवू नका. आतड्यात अडथळा असेल तर त्याने नुकसान होतं, म्हणून आधी तपासणी.

मान एका बाजूला कलणं, तोंड उघडून श्वास घेणं, मागचे पाय ओढत चालणं, ओल्या शेपटीभोवती माश्या किंवा अळ्या दिसणं: हेही त्याच दिवशी, त्याच तासाला.

लघवी लालसर आहे, रक्त असेल का?

बहुधा नाही. सशाची लघवी पिवळ्यापासून विटकरी रंगापर्यंत काहीही असू शकते, वनस्पतींतल्या रंगद्रव्यांमुळे. पण लाल थेंब किंवा गुठळ्या वेगळ्या दिसल्या, तो लघवीला जोर करत असेल, किंवा लघवी दाट चुन्यासारखी असेल, तर तपासून घ्या.

अंघोळ किती दिवसांनी घालायची?

घालायची नाही. ससा स्वतःला स्वच्छ ठेवतो, आणि पाण्यात बुडवल्याच्या धक्क्याने त्याचा जीव जाऊ शकतो. मागचा भाग घाण झाला तर ओल्या कापडाने तेवढाच पुसा आणि घाण का झाला याचं कारण शोधा. केस गळण्याच्या दिवसांत रोज ब्रश करा. नखं साधारण महिना-दीड महिन्याने कापावी लागतात. पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

सशाला थंडी सोसते, उष्णता नाही. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. 15 ते 21 अंश सेल्सिअस त्याला सुखाचं. 28च्या पुढे लक्ष ठेवा, आणि 30च्या वर खोली थंड करायचा उपाय हवाच. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवा, कान ओल्या बोटांनी पुसा. लाळ गळू लागली, धापा टाकू लागला, सुस्त पडला, तर उष्माघात समजून कान ओले करत करत दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात घालू नका.

घरात लहान मुलं आहेत, कुत्रा-मांजर आहे. जमेल का?

मुलांना एकच नियम द्या: ससा जमिनीवर, आपणही जमिनीवर. उचलणार फक्त मोठी माणसं. कुत्रा-मांजर कितीही गरीब असलं तरी त्यांना एकटं सोडू नका. सशाला इजा व्हायला चावा लागत नाही, पाठलागाची भीतीही पुरते.

पहिल्या आठवड्यात काय करावं?

फार काही नाही. पूर्वी जे गवत आणि खाद्य खात होता तेच द्या, थोडंसं सोबत मागून घ्या. बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. पाहुण्यांना बोलावू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर किंवा तुमच्या वजनकाट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवा आणि पुढे दर आठवड्याला करत राहा. वजनातली घट डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर दिसते.

आम्ही गावाला गेलो तर?

ससा दोन दिवस गवत-पाणी ठेवून एकटा सोडता येत नाही. सकाळ-संध्याकाळ येऊन पाहणारं माणूस हवं, आणि त्याला फक्त ‘खायला घाल’ सांगून भागत नाही. लेंड्या पडल्यात का, गवत कमी झालंय का, हे पाहून तुम्हाला कळवायला सांगा. डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, सशाचं नेहमीचं वजन आणि ‘उपचाराला माझी संमती आहे’ असं लिहिलेला सहीचा कागद गवताच्या डब्यावर चिकटवून जा. वाहक पेटीही दाराजवळ, दिसेल अशी ठेवा.